मटण-चिकनसाठी थर्मामीटर घेताना या चुका टाळा

आखाडात शेतावर जाळी मांडली की चिकनला कांदा-लसूण चटणीचा जाड लेप हवाच. पण या लेपामुळे रंगावरून अंदाज बांधता येत नाही. बाहेरून करपलेली तंगडी हाडाजवळ कच्ची निघते. उलटही घडतं. धुरावर पूर्ण शिजलेलं चिकन आतून गुलाबी दिसतं आणि लोक ते पुन्हा निखाऱ्यावर टाकून चिवट करतात. म्हणून थर्मामीटर लागतो. मात्र घेताना बहुतेकांचं लक्ष स्क्रीनकडे आणि ॲपकडे जातं. आधी बघायचं ते टोक: उष्णता नेमकी कुठं मोजली जाते आणि किती वेळात.

एकाच थर्मामीटरकडून दोन कामांची अपेक्षा

जाळीवर पाच-दहा मिनिटांत होणाऱ्या तुकड्यांना झटपट वाचणारा डिजिटल थर्मामीटर हवा. बारीक टोकाचा, तीन-चार सेकंदांत आकडा स्थिर करणारा. पंधरा सेकंद लावणारा स्वस्तात मिळतो, पण तेवढा वेळ निखाऱ्यावर हात कोण धरणार? मग आकडा चढत असतानाच तो काढला जातो आणि कमी वाचला जातो.

स्मोकरमध्ये, म्हणजे धुरावर मंद शिजवायच्या झाकणाच्या भट्टीत, चार-सहा तास ठेवायच्या मटणाच्या मांडीला वायरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सुई लागते, तीही दोन टोकांची: एक मांसात, दुसरा जाळीवर हवेचं तापमान सांगायला. झाकणावरच्या डायलवर भिस्त ठेवू नका. तो वरची हवा मोजतो, मांस खाली असतं आणि फरक सहज 20-30 अंशांचा पडतो. हवेचा प्रोब जाळीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर आणि मांसापासून पाच सेंटीमीटर लांब लावा. थंड मांसाला चिकटला तर तो कमी दाखवतो, तुम्ही कोळसा वाढवता आणि 110-120 वर चालणारा स्मोकर 150 ला जातो.

कारखान्यातली गन जाळीवर आणणं

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कुणी ना कुणी ओळखीचं असतंच, त्यामुळे दुरून तापमान वाचणारी इन्फ्रारेड गन उसनी मिळते. ती फक्त पृष्ठभाग वाचते. तंगडीवर 95 दिसलं तरी आत 55 असू शकतं. चकचकीत स्टीलची जाळी तर ती हमखास चुकीची वाचते. तवा किंवा दगड किती तापलाय एवढ्यापुरती ती ठीक आहे.

फाउंड्रीतला के-टाइप थर्मोकपल मीटर, म्हणजे दोन धातूंच्या तारांच्या जोडावर तापमान मोजणारा मीटर, मात्र कामाचा आहे. त्याला खाण्यासाठीचा, स्टेनलेस स्टीलचा सुईसारखा नवा प्रोब लावा. कारखान्यात वापरलेला प्रोब मांसात घालू नका.

डायलची दांडी अर्धवट घालणं

काट्याच्या स्वस्त थर्मामीटरमध्ये दांडीत धातूची पट्टी गुंडाळलेली असते आणि ती टोकापासून पाच-सहा सेंटीमीटरपर्यंतची सरासरी मोजते. दांडीवर छोटी खळगी दिसते, तिथपर्यंत ती मांसात गेली पाहिजे. चापेत किंवा चिकनच्या तुकड्यात हे जमत नाही. टोक मधोमध असलं तरी उरलेली दांडी बाहेरच्या गरम थरात राहते, काटा जास्त दाखवतो आणि कच्चं मांस ताटात येतं. अख्ख्या मांडीपुरताच हा प्रकार चालतो.

ताप बघायचा थर्मामीटर तर या कामाचाच नाही. तो 42-43 अंशांच्या पुढं जात नाही, आणि काचेचा असेल तर फुटून पारा मांसात सांडेल.

उकळत्या पाण्यात 100 ची अपेक्षा

नवा थर्मामीटर आला की लोक तो उकळत्या पाण्यात धरतात आणि 98 दिसलं की परत पाठवतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथं पाणी साधारण 98 अंशांवरच उकळतं, पन्हाळ्यावर 97 च्या आसपास. इथं बटण दाबून 100 लावलंत तर चांगल्या थर्मामीटरमध्ये दोन अंशांची चूक तुम्हीच भरली.

बर्फाची चाचणी जास्त भरवशाची. पेला बारीक फोडलेल्या बर्फानं काठोकाठ भरा, फटी भरतील इतकंच पाणी घाला, ढवळा. टोक मधोमध धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. अर्ध्या मिनिटात 0 यायला हवं, एक अंश इकडं-तिकडं चालेल. डायलच्या मागचा नट पान्यानं फिरवून काटा जुळवता येतो. डिजिटलला ती सोय नसेल तर फरक चिठ्ठीवर लिहून चिकटवा. बर्फात बरोबर आणि उकळत्या पाण्यात तीन-चार अंश चुकणारा नग मात्र बदलूनच घ्या.

हाडाला टेकवणं

आपल्याकडं मटण हाडासकट, रश्श्याच्या हिशोबानं लहान तोडतात. अशा तुकड्यांत टोक कुठंतरी हाडाला लागतंच आणि आकडा खोटा येतो. थर्मामीटर वापरायचा तर दुकानदाराकडून मांडी किंवा खांदा अख्खा घ्या. टोक सर्वांत जाड भागात, हाड आणि चरबी चुकवून घाला. चापेत आणि कबाबात वरून न घालता बाजूनं घाला. पलीकडं जरा जास्त आत ढकलून हळूहळू मागं ओढा. वाटेत दिसणारा सर्वांत कमी आकडा खरा.

अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे असे: चिकन 74, खिमा 71, मटणाचा अख्खा तुकडा 63 आणि वर तीन मिनिटं विश्रांती. हे सुरक्षिततेचे आकडे आहेत, चवीचे नव्हेत. 63 वरचं बोकड आतून गुलाबी आणि दाताला चिवट लागतं, कोल्हापुरात कुणी दुसरा घास घेणार नाही. धुरावरची मांडी 90 च्या पुढं नेली तरच हाडावरून सुटते. चिकनची तंगडीही 80-82 वर जास्त मऊ होते. जाड तुकडा उतरवल्यावरही आत तीन-पाच अंश चढतात, ते हिशोबात धरा. आणि सेल्सियस-फॅरनहाइटचं बटण चुकून दाबलं गेलंय का ते आधी बघा. 74 फॅरनहाइट म्हणजे 23 सेल्सियस.

आकडा वेडावाकडा आला तर

स्क्रीनवर एचएचएच किंवा एलएलएल दिसत असेल तर बहुतेक वेळा प्रोबची वायर गेलेली असते. वायर आणि धातूची नळी जिथं जुळते तिथं पाणी शिरतं. नळाखाली धुण्याची सवय याला कारणीभूत. ओल्या फडक्यानं पुसा, आणि कच्च्या चिकनमधून काढलेलं टोक स्पिरिटनं पुसल्याशिवाय शिजलेल्या मांसात घालू नका. झाकणाच्या कडेत चिमटली किंवा ज्वाळेला लागली तरी वायर जाते. ती हवेच्या भोकातून बाहेर काढा. घेतानाच त्याच कंपनीचे सुटे प्रोब मिळतात का विचारा. साध्या गोल पिनचे प्रोब एका कंपनीचे दुसरीला चालतीलच असं नाही.

बिनवायरच्या प्रोबचा सिग्नल जाड लोखंडी झाकणात अडतो, फोन जवळ ठेवावा लागतो. त्यातले इलेक्ट्रॉनिक भाग मांसातच राहून थंड राहतात, म्हणून खुणेच्या रेषेपर्यंत आत घाला. धगधगत्या निखाऱ्यावर थेट ठेवलात तर तो गेलाच म्हणून समजा.

पावसात वापरणार असाल तर आयपी67 (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा) लिहिलेला घ्या. आयपी65 वर पाण्याचे फवारे चालतात, तो बादलीत पडला तर संपला. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, इथल्या पावसाळ्यात सेलची टोकं हिरवी पडतात.

आणि धुरावरच्या मांडीचा आकडा 65-75 च्या दरम्यान तासभर हललाच नाही, तर प्रोब बिघडलेला नाही. वर येणारं पाणी वाफ होताना उष्णता खेचून घेत असतं. कोळसा ओतू नका. घाई असेल तर मांडी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, आकडा पुन्हा चढू लागेल.