प्रवासाआधी रूट कॅनालची दाढ काढताय? या चुका टाळा

रूट कॅनाल झालेली दाढ ठणकायला लागली की आधी विश्वासच बसत नाही. नस काढून टाकली आहे, मग दुखतंय काय? दुखतं ते दाढेच्या आत नाही, मुळाच्या टोकाशी हाडात. मुळातली एखादी बारीक नळी साफ व्हायची राहिलेली असते, कॅपच्या कडेने लाळ झिरपत गेलेली असते, नाहीतर मूळच उभं तडकलेलं असतं. पहिल्या दोन प्रकारांत पुन्हा रूट कॅनाल करून दाढ वाचू शकते. मूळ उभं तडकलं असेल तर बहुतेक वेळा काढण्यावाचून गत नसते. म्हणून प्रवास जवळ आलाय एवढ्याच कारणासाठी घाईने दाढ काढून टाकू नका. आधी एक्स-रे काढून नेमकं काय झालंय ते विचारा.

माझी खालची दाढ काढायचीच होती. चुका मी त्याच्या आधीपासून करत आलो होतो. दोन महिने हिरडीवर एक पुळी यायची, फुटायची, तोंडात खारट चव यायची आणि ठणका थांबायचा. मला वाटायचं, बरं झालं. प्रत्यक्षात पूला बाहेर पडायला वाट मिळत होती, एवढंच. ती वाट बुजली तेव्हा निघायला पाच दिवस उरले होते.

मग मी दुसरी चूक केली. मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या डब्यात होत्या, त्या सुरू केल्या. दोन दिवसांत सूज उतरली, मीही निर्धास्त झालो. पण अँटिबायोटिक रक्तातून पोहोचतं आणि रूट कॅनालच्या दाढेच्या आत रक्तपुरवठाच नसतो. भोवतालची सूज ओसरते, जंतूंचा अड्डा जागेवर राहतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, तेही उरल्यासुरल्या गोळ्यांचा अर्धामुर्धा कोर्स, अजिबात नको.

दिवस मोजायची चूक

सगळ्यात महागात पडते ती ही. माणूस विचार करतो, गुरुवारी दाढ काढू, शुक्रवारी आराम, शनिवारी निघू. दाढ काढण्याचा दिवस हाच काय तो वाईट दिवस, असा हिशेब असतो. खरं म्हणजे त्या दिवशी भूल असते, गोळ्या असतात, घरचे विचारपूस करत असतात. सूज सर्वांत जास्त असते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. आणि ज्याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात तो त्रासही साधारण पहिल्या ते चौथ्या दिवसात डोकं वर काढतो.

दाढ निघाली की खळग्यात रक्ताची गुठळी धरते. तीच खालच्या हाडावरचं झाकण असते. ती निघून गेली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं, हाच ड्राय सॉकेट, आणि मग जो ठणका सुटतो तो कानापर्यंत जातो. नेहमीच्या गोळीला तो दाद देत नाही. खालच्या दाढांना, सिगारेट ओढणाऱ्यांना आणि काढताना फार खटपट करावी लागली असेल तिथे हा धोका जास्त. रूट कॅनालची दाढ ठिसूळ झालेली असते, पुष्कळदा तुकड्या-तुकड्यांनी निघते. माझी तशीच निघाली, दोन टाकेही पडले. रविवारी रात्री परक्या गावातल्या खोलीत मी उशी कानाशी दाबून बसलो होतो. सोमवारी तिथल्या दंतवैद्यांनी खळगा धुऊन लवंगेच्या वासाची औषधी पट्टी आत ठेवली आणि तासाभरात जिवात जीव आला. ती पट्टी नंतर आणखी दोनदा बदलावी लागली. म्हणजे सहलीतले तीन दिवस दवाखान्यात.

तेव्हा कॅलेंडरवर दाढ काढायचा दिवस बघू नका, त्यानंतरचा चौथा दिवस बघा. त्या दिवशी तुम्ही आपल्या डॉक्टरांच्या हाताशी असायला हवं. आठवडा-दहा दिवस हाताशी असतील तर उत्तम, टाकेही घरीच निघतात. तेवढा वेळ नसेल तर विरघळणारे टाके घालता येतील का, हे आधीच विचारा. अगदीच दोन दिवसांवर आलं असेल तर सध्या फक्त पू काढून देऊन दाढ परतल्यावर काढता येईल का, हाही प्रश्न विचारायला हरकत नाही. उत्तर मात्र तपासणाऱ्याचं. आपण तिकीट बघून ठरवायचं नाही.

विमानाची भीती बहुतेकांना नको तिथे असते. केबिनमधला दाब साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असतो तेवढा राहतो, त्यामुळे बंद पोकळीत अडकलेली हवा फुगते. काढलेल्या दाढेचा खळगा उघडाच असतो. उलट आत पू असलेली, वरून बंद दाढ तशीच घेऊन बसलात तर ती जास्त त्रास देऊ शकते. अपवाद वरच्या मागच्या दाढांचा. त्यांची मुळं सायनसला, म्हणजे गालाच्या हाडातल्या हवेच्या पोकळीला, लागून असतात आणि काढताना कधी तिकडे भोक पडतं. पाणी पिताना नाकातून आलं तर विमानात बसण्याआधी डॉक्टरांना दाखवा. नाक जोरात शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या.

त्या दिवशीच्या चुका सगळ्यांना तोंडपाठ असतात, तरी होतात. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. दर पाच मिनिटांनी काढून बघायचा नाही. थुंकायचं नाही, स्ट्रॉ नको, सिगारेट तर नकोच. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या 24 तासांनंतर, त्याही हळुवार. लाळ गुलाबी दिसली तर घाबरू नका. एक गोष्ट कुणी सांगत नाही: बॅगा उचलू नका. पहिल्या एक-दोन दिवसांत वाकून जड सामान ओढलं की रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं.

रक्त पातळ करणारी किंवा हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं चालू असतील तर ते आधी सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. एक्स-रेचा आणि औषधांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये असू द्या. माझ्याकडे तो नव्हता, परक्या दंतवैद्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागलं.

ताप, तोंड नीट न उघडणं, गिळताना त्रास, जिभेखाली किंवा हनुवटीखाली पसरणारी सूज, श्वास अडकल्यासारखा वाटणं, यातलं काहीही दिसलं तर दाढ काढून झाली असो वा नसो, प्रवास तिथेच थांबवा आणि दंतवैद्यांच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात जा.