ओजेटीचे १२० तास
एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या सत्रात आम्हाला ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करून शिकणं) होतं: ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास. एका क्रेडिटला ३० तास, हा हिशेब आधी डोक्यात बसवा. रोज चार तास धरले तरी ३० दिवस जातात, म्हणून परीक्षा तोंडावर आल्यावर जागा शोधू नका.

एका मोठ्या बँकेच्या मागे मी तीन आठवडे घालवले. शेवटी गावातल्या पतसंस्थेने घेतलं, आणि तेच बरं झालं. तिथे कर्जखात्यांची थकबाकी एक्सेलमध्ये मांडायला मिळाली. (चहाही आणायला लावला, ते सोडा.)

रुजू होण्याआधी कॉलेजचं पत्र न्या, मार्गदर्शक सरांकडून काम मान्य करून घ्या. दैनंदिनी रोजच्या रोज लिहा: तारीख, वेळ, काय केलं, खाली व्यवस्थापकांची सही. मी आठवडाभराच्या सह्या एकदम घ्यायला गेले, तर साहेब लांबच्या रजेवर! ते २० तास पुन्हा भरले.

अहवालात खातेदारांची नावं घालू नका, फक्त आकडे. शिक्क्याचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय निघू नका. निकालानंतर एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे मिळवलेले क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन) खात्यात क्रेडिट जमा झालेत का, ते डिजिलॉकरवर बघा.