हिप-हाउस रिमिक्स करताना या चुका टाळा

१९८८च्या सुमारास शिकागोत टायरी कूपर आणि फास्ट एडी यांनी हाउस या नृत्यसंगीताच्या सलग चार ठोक्यांवर रॅप बसवला; हेच हिप-हाउस. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जंगल ब्रदर्स या रॅप गटाने निर्माता टॉड टेरीच्या तयार तालावर ‘आयल हाउस यू’ रचले, आणि लंडनमध्ये बीटमास्टर्स या निर्मात्यांनी कुकी क्रू या रॅपर जोडीला सोबत घेऊन असाच प्रयोग थोडा आधी केला होता. त्या घडणीचा रिमिक्स आज घरच्या संगणकावर सहज करता येतो. तरीही असे बरेचसे रिमिक्स एकाच ठिकाणी फसतात: ताल आधी पक्का होतो आणि माणसाचा आवाज नंतर त्यात कोंबला जातो.

सर्वांत मोठी चूक लयीची. त्या काळातला बराचसा रॅप मिनिटाला शंभर ठोक्यांच्या आसपासचा, तर हाउस साधारण १२०चे. शंभरचा रॅप १२२वर नेला, तर वेग २२ टक्क्यांनी वाढतो, आणि जुन्या सॅम्पलरवर (ध्वनिमुद्रणातला तुकडा, म्हणजे सॅम्पल, साठवून वाजवणाऱ्या यंत्रावर) त्याबरोबर आवाजाची पट्टीही पेटीवरच्या सुमारे साडेतीन अर्धस्वरांनी चढते. आवाज चिरका आणि पोरकट होतो. आजचे सॉफ्टवेअर पट्टी जागेवर ठेवते, परंतु व्यंजने विरघळतात आणि दोन ओळींमधली श्वासाची जागाही आक्रसते, त्यामुळे रॅपर धापा टाकत असल्यासारखा वाटतो. टेक्निक्सच्या १२०० मालिकेतील टर्नटेबलवर वेग फक्त आठ टक्के वर-खाली करता येत असे, म्हणजे ११२ची तबकडी जेमतेम १२१पर्यंत पोहोचायची. ही मर्यादा आजही उत्तम मापदंड आहे. त्याहून अधिक ताणावे लागत असेल, तर पूर्ण कडव्याचा हट्ट सोडून एखादाच ठसकेबाज तुकडा घ्यावा किंवा रॅपरकडून त्या लयीत नव्याने म्हणवून घ्यावे. जंगल ब्रदर्सचे शब्द आजही ताजे वाटतात, कारण ते त्या ठोक्यावरच म्हटले गेले होते.

ताल ‘लडखडतो’ अशी तक्रार असेल, तर दोष बहुधा झोलाचा, म्हणजे ठोके किंचित मागेपुढे पडण्याचा असतो. लिन कॉलिन्सच्या १९७२च्या ‘थिंक’मधला ड्रमचा तुकडा रॉब बेस आणि डीजे ईझी रॉक यांच्या ‘इट टेक्स टू’मुळे १९८८मध्ये घराघरांत पोहोचला आणि पुढे असंख्य हिप-हाउस तबकड्यांत वाजला. तो माणसाने वाजवलेला आहे, म्हणून त्यात सूक्ष्म हेलकावा आहे. त्यावर रोलंड कंपनीच्या ९०९ ड्रम मशीनची सरळ रेषेतली हाय-हॅट (झांजेचा ठोका) ठेवली, की दोन्ही एकमेकांना अडखळवतात. अशा वेळी मशीनच्या हाय-हॅटला त्या तुकड्याचाच हेलकावा द्यावा, नाहीतर ती काढून टाकावी. खर्ज पोकळ वाटत असेल, तर सॅम्पलमधली किक (मोठ्या ड्रमचा खर्जातला ठोका) आणि मशीनची किक किंचित मागेपुढे पडून एकमेकींना खात असतात. सॅम्पलचा १५० हर्ट्‌झखालचा भाग कापला की ठोक्याला पुन्हा वजन येते.

सॅम्पलची गर्दी ही संगणकामुळे वाढलेली चूक आहे. १९८७च्या ई-म्यू एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये एकूण जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावे. १२२च्या लयीत एक बार, म्हणजे चार ठोक्यांचे आवर्तन, दोन सेकंदांहून थोडा कमी भरतो, म्हणजे सगळा ऐवज पाच बारांचा. म्हणून काही कलाकार ३३च्या वेगाची तबकडी ४५वर वाजवून सॅम्पल घेत आणि यंत्रात ते पुन्हा हळू करत. या टंचाईमुळे प्रत्येक तुकड्याला आपली जागा कमवावी लागे. कोल्डकट या ब्रिटिश जोडीने १९८७मध्ये एरिक बी. आणि रकीम यांच्या ‘पेड इन फुल’चा जो रिमिक्स केला, तो तुकड्यांनी गच्च भरलेला आहे, त्यात इस्रायली गायिका ओफ्रा हाझाचे गाणेही आहे, आणि तरीही रकीमचा रॅप कुठे झाकला जात नाही. रॅप चालू असताना दुसरा कोणताही मानवी आवाज शक्यतो वाजू देऊ नये.

सुरुवातीला निव्वळ तालाचे १६ ते ३२ बार ठेवायला विसरू नये. डीजेला आधीच्या गाण्यातून तुमच्या गाण्यात येण्यासाठी तेवढा अवधी लागतो.

शेवटची चूक तांत्रिक नाही, पण मला ती सर्वांत जास्त खटकते. १९८९च्या ‘राइड ऑन टाइम’मध्ये ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाने गायिका लोलीटा हॉलोवेचा आवाज वापरला आणि पडद्यावर ओठ हलवले दुसऱ्याच तरुणीने. टेक्नोट्रॉनिक गटाच्या ‘पम्प अप द जॅम’चा आवाज ‘या किड के’ नावाच्या रॅपरचा, चेहरा मात्र एका मॉडेलचा. ज्यांच्या गळ्यावर गाणे उभे राहिले, त्यांची नावे मागे पडली. पुढे १९९१मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीच्या विनापरवाना सॅम्पलविरुद्ध निकाल दिला आणि परवानगीचा प्रश्न टाळणे कोणालाच परवडेनासे झाले. रिमिक्स प्रसिद्ध करण्याआधी मूळ ध्वनिमुद्रणाची आणि गीत-संगीताची अशा दोन वेगळ्या परवानग्या घ्याव्यात. आवाज नव्याने गाऊन घेतला, तरी दुसरी परवानगी लागतेच. गायिकेचे, रॅपरचे आणि मूळ तबकडीचे नाव रिमिक्सच्या शीर्षकाखालीच, पहिल्या ओळीत द्यावे.