लहानपणी नावावर घेतलेले कागदी शेअर विकायचेत? आधी नाव जुळवा, मग भाव बघा

माहेरचं कपाट आवरताना आईने एक फाईल हातात दिली, त्यात माझ्या नावाची चार कंपन्यांची शेअर सर्टिफिकेटं होती, 1986 ते 1992 मधली. त्या काळी पब्लिक इश्यू आला की अलॉटमेंट लागायचा चान्स वाढावा म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या नावाने अर्ज भरायचे, त्यात आम्ही पोरंही आलो. मी तेव्हा आठ वर्षांची. हे सगळं मार्गी लावायला मला जवळपास दीड वर्ष लागलं आणि त्यातलं निम्मं तरी वाचलं असतं, सुरुवातीलाच कुणी नीट सांगितलं असतं तर. म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट, कागदी शेअर आता थेट विकता येत नाहीत. 1 एप्रिल 2019 पासून कागदावर ट्रान्सफर बंद आहे, त्यामुळे आधी डीमॅट करायचं, म्हणजे शेअर कागदावरून इलेक्ट्रॉनिक खात्यात आणायचे, आणि मगच विकायचं. पण शेअर तुमचेच आहेत, मुदत संपली वगैरे काही नसतं, घाबरून कुणाला पडत्या भावात देऊन टाकू नका.

सर्टिफिकेट हातात घेतलं की भाव शोधायच्या आधी नाव कसं छापलंय ते बघा, सगळं तिथेच अडतं. माझ्या सर्टिफिकेटवर "कुमारी अमुक, मायनर" आणि खाली बाबांचं नाव, वडील आणि नैसर्गिक पालक म्हणून. इथे बरेच जण चुकतात, मीही चुकले. बाबा गेलेत, तर आता वारस दाखला काढावा लागणार असं धरून मी तलाठी ऑफिस आणि वकील दोन्हीकडे चकरा मारून आले. गरजच नव्हती! बाबा फक्त पालक होते, मालक मीच. अशा वेळी वारसाचा प्रश्न येत नाही, मायनरची मेजर झाल्याची नोंद करायची असते, त्यासाठी जन्मतारखेचा पुरावा, पॅन आणि स्वतःची सही. मात्र वडिलांचं नाव पहिलं होल्डर म्हणून असेल आणि तुमचं दुसरं, तर मृत्यू दाखला देऊन त्यांचं नाव कमी करावं लागतं, आणि शेअर एकट्या वडिलांच्याच नावावर असतील तर मग वारसाची प्रक्रिया. हे तीन वेगवेगळे रस्ते आहेत, कोणता आपला ते आधी ठरवा, मगच फॉर्म भरायला घ्या.

मुलींसाठी दुसरी अडचण आडनावाची. आपल्याकडे लग्नात आडनावच काय, मधलं नावही बदलतं, म्हणजे सर्टिफिकेटवरची बाई आणि पॅनवरची बाई कागदोपत्री दोन निघतात. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो लावा, जुन्या लग्नांची नोंद बऱ्याचदा झालेलीच नसते, मग राजपत्रात नावबदल केला असेल तर त्याची प्रत. आणि पॅन, आधार, बँक खातं, डीमॅट या चारही ठिकाणी स्पेलिंग एकच आहे ना ते आधी बघून घ्या, एका अक्षराने फाईल परत येते. माझी आली, दोनदा.

आता कागद पाठवायचे कुठे, तर कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे आरटीए. सर्टिफिकेटमागे छापलेला पत्ता तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा असतो, तो धरू नका. कंपनीच्या वेबसाईटवर इन्व्हेस्टर सेक्शनमध्ये आत्ताचा रजिस्ट्रार दिलेला असतो, बहुतेक वेळा केफिन (पूर्वीचं कार्वी), एमयूएफजी इनटाइम (पूर्वीचं लिंक इनटाइम) नाहीतर बिगशेअर असं एखादं नाव निघतं. फोलिओ नंबर (कंपनीकडचा तुमचा खातेक्रमांक) आणि सर्टिफिकेट नंबर देऊन साधा ईमेल टाका, की या फोलिओत आज किती शेअर आहेत, किती डिव्हिडंड (लाभांश) पडून आहे, शेअर आयईपीएफकडे, म्हणजे डिव्हिडंड न घेतलेले शेअर जिथे जातात त्या सरकारी फंडाकडे, गेलेत का. हा ईमेल सगळ्यात महत्त्वाचा, कारण हातातल्या कागदावरचा आकडा आणि खरा आकडा यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

उदाहरण म्हणून रिलायन्स घ्या. 1997, 2009, 2017 आणि 2024, चार वेळा एकास एक बोनस (एका शेअरमागे एक फुकट) दिलाय, म्हणजे 1990 च्या सर्टिफिकेटवरचे 10 शेअर आज 160 होतात, वर 2006 च्या वाटणीत अनिल अंबानींकडे गेलेल्या कंपन्यांचे शेअर वेगळे आणि 2023 मध्ये जिओ फायनान्शियलचे वेगळे. आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोची 2008 मध्ये विभागणी झाली तेव्हा जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज झाली आणि एका शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक आणि बजाज फिनसर्व्हचा एक असा मिळाला, त्यामुळे जुन्या बजाज ऑटोचा कागद म्हणजे खरं तर तीन कंपन्या. नावंही बदललीत, टेल्कोचं आधी टाटा मोटर्स आणि 2025 मध्ये टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स, टिस्कोचं टाटा स्टील, हिंदुस्थान लिव्हरचं हिंदुस्थान युनिलिव्हर. कंपनी सापडत नाही म्हणून कागद रद्दीत टाकू नका, आधी बीएसईच्या साईटवर आणि कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर जुन्या नावाने शोधा. माझ्या चारातली एक कंपनी खरंच बंद पडून नोंदणीतूनही निघालीय, तिचं काही होणार नाही, ते मान्य करून मी पुढे गेले.

कागदपत्रांत मुख्य तीन फॉर्म. आयएसआर-1 मध्ये पॅन, पत्ता, मोबाईल, बँक खातं. आयएसआर-2 सहीसाठी, आणि हा मायनरवाल्यांनी चुकवू नका, कारण रजिस्ट्रारकडे तुमची सही कधी गेलेलीच नसते, आहे ती पालकाची. त्यावर बँकेच्या अधिकाऱ्याची सही, नाव, एम्प्लॉयी नंबर आणि शिक्का लागतो. माझ्या ब्रँचमधल्या साहेबांनी हा फॉर्म आधी पाहिलाच नव्हता, नाही म्हणाले, मग मी रजिस्ट्रारच्या साईटवरची सूचना छापून नेली, कॅन्सल चेक जोडला, तेव्हा झालं. तिसरा एसएच-13, नॉमिनीचा. सगळं स्पीड पोस्टने पाठवा, प्रत्येक पानाची झेरॉक्स आणि फोटो ठेवूनच. आणि हो, सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका, डीमॅटच्या वेळी त्यावर शिक्का मारायचा असतो.

सर्टिफिकेट हरवलं असेल तर काम वाढतं, पण होतं. स्टॅम्प पेपरवर बाँड (पुढे काही वाद निघाला तर भरपाईची हमी), आणि रक्कम मोठी असेल तर पोलीस तक्रारीची प्रत आणि पेपरात जाहिरात. आपल्याकडे 100 चा स्टॅम्प पेपर 2024 पासून चालत नाही, 500 चा लागतो, तो खर्च धरून ठेवा.

माझ्या वेळी नोंद झाली की रजिस्ट्रार पत्र द्यायचा, लेटर ऑफ कन्फर्मेशन, आणि ते 120 दिवसांत डीमॅटला द्यायचं होतं. ते किंवा मूळ सर्टिफिकेट, जे हातात असेल ते घेऊन डीपीकडे, म्हणजे जिथे डीमॅट खातं आहे तिथे, डीआरएफ, म्हणजे डीमॅटचा अर्ज, भरायचा, प्रत्येक कंपनीचा वेगळा. काही ऑनलाईन ब्रोकर कागद कुरियरने मागवतात, मला ते पटलं नाही, मी बँकेच्या डीपीकडे स्वतः जाऊन पोच घेतली. महिना-दीड महिन्यात शेअर खात्यात दिसले.

सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ फंडात जातात. गेले म्हणजे बुडाले असं नाही, मागता येतात. माझ्या एका कंपनीचे तिथेच होते. आधी कंपनीकडून एंटायटलमेंट लेटर, म्हणजे हे शेअर तुमचेच असल्याचं पत्र, घ्यायचं, मग एमसीए पोर्टलवर आयईपीएफ-5 भरायचा, फी नाही. नंतर त्याची प्रिंट, बाँड, रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली पावती, डीमॅटची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या तपशिलाचा कागद) आणि मूळ सर्टिफिकेटं कंपनीच्या नोडल ऑफिसरकडे, म्हणजे आयईपीएफचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे. एका कंपनीसाठी आर्थिक वर्षात एकच क्लेम करता येतो, म्हणून डिव्हिडंड आणि शेअर दोन्ही एकदमच मागा. ही पायरी सगळ्यात संथ, मला नऊ महिने लागले. या काळात एका एजंटाचा फोन आला, सगळं करून देतो, वीस टक्के द्या. मी नाही दिले. केस सरळ असेल तर हे सगळे फॉर्म आपले आपण भरता येतात, वारसांचा वाद वगैरे असेल तर चांगला वकील बघा, पण टक्केवारीवर कोऱ्या कागदावर सह्या अजिबात देऊ नका. रजिस्ट्रार उत्तरच देत नसेल तर शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार टाका, माझी दोन महिने पडून असलेली फाईल त्यानंतर हलली.

आता विक्री आणि टॅक्स. इथे लोक विनाकारण जास्त भरतात. लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेले) शेअर वर्षापेक्षा जास्त काळ ठेवलेत म्हणजे लॉंग टर्म, वर्षाला 1.25 लाखापर्यंतचा नफा माफ, त्याहून जास्तीच्या नफ्यावर 12.5 टक्के आणि सेस. पण नफा 1986 च्या दहा रुपयांपासून मोजायचा नसतो! 31 जानेवारी 2018 चा सर्वात वरचा भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, फक्त तो विक्रीच्या भावापेक्षा जास्त असेल तर विक्रीचा भाव. समजा 300 शेअर, त्या दिवशीचा भाव 900, विकले 1500 ला. नफा 1.80 लाख, माफी जाऊन 55 हजार, टॅक्स 6,875 आणि वर सेस. तेच दहा रुपये धरून केलंत तर 40,250. ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये खरेदी किंमत शून्य किंवा खरेदीच्या तारखेच्या जागी डीमॅटची तारीख दिसते, ती तशीच रिटर्नमध्ये जाऊ देऊ नका, सीएला मूळ सर्टिफिकेटची झेरॉक्स दाखवा. मात्र 31 जानेवारी 2018 नंतर मिळालेल्या बोनसची किंमत शून्यच धरतात, तो हिशोब वेगळा ठेवा.

म्हणूनच मी सगळं एकदम विकलं नाही. थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये, म्हणजे दोन आर्थिक वर्षांची माफी मिळाली. एका कंपनीचे सगळे ठेवलेत, डिव्हिडंड आता आईच्या आणि माझ्या जॉइंट खात्यात येतो आणि आला की ती फोन करून किती आला ते सांगते.