अमेरिकेतील पहिला पगार आणि करकपात : या चुका टाळा

सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपते त्या सुमारास, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस, अमेरिकेतील कंपन्या कर्मचाऱ्यांना वर्षभराचे वेतन आणि कपात दाखवणारा डब्ल्यू-२ हा फॉर्म देतात. कपातीतील चूक बहुतेकांना तेव्हाच कळते, पण खरे तर ती पहिल्याच पगारपत्रकात दिसत असते.

माझा भाचा सोलापुरातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन तिकडे शिकायला गेला आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच, ओपीटीच्या (शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीच्या) काळात, नोकरीला लागला. त्याने पाठवलेले पगारपत्रक मी नवी पेठेतून छापून आणले आणि ओळ न् ओळ तपासले. महिन्याचे वेतन ५,००० डॉलर, फेडरल (केंद्रीय) आयकराची कपात, आणि त्याखाली आणखी दोन ओळी : सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतनासाठीचा कर) ३१० डॉलर, मेडिकेअर (ज्येष्ठांच्या आरोग्यविम्यासाठीचा कर) ७२.५० डॉलर. "मामा, ते तर सगळ्यांचेच कापतात," असे तो म्हणाला. सगळ्यांचे कापत नाहीत. एफ-१ वरील विद्यार्थी करापुरता अनिवासी असेपर्यंत त्याच्या ओपीटीच्या वेतनालाही हे दोन्ही कर लागू होत नाहीत. ६.२ आणि १.४५ मिळून ७.६५ टक्के, म्हणजे त्याच्या बाबतीत वर्षाला ४,५९० डॉलर विनाकारण जात होते.

अनिवासी कुठवर, हे मोजतानाच मोठा घोळ होतो. ही सवलत पाच कॅलेंडर वर्षांची असते आणि वर्षातला एक दिवस जरी तिथे काढला, तरी ते पूर्ण वर्ष धरले जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदा गेलेल्या विद्यार्थ्याची पाच वर्षे ऑगस्ट २०२६ मध्ये नव्हे, तर ३१ डिसेंबर २०२५ रोजीच पूर्ण होतात. मध्येच एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला, तर सवलत त्या तारखेपासूनच थांबते. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने त्यानंतरची कपात टाळण्याचा मार्ग उरत नाही.

दुसरी चूक रुजू होताना भरायच्या डब्ल्यू-४ फॉर्ममध्ये होते; त्यावरूनच कंपनी आयकराची कपात ठरवते. अनिवासी कर्मचाऱ्याने, तो विवाहित असला तरी, तिथे 'सिंगल' हाच पर्याय निवडायचा असतो, चरण ४(सी) च्या खालच्या जागेत 'नॉनरेसिडेंट एलियन' असे लिहायचे असते, आणि कपातीतून पूर्ण सूट मागायची नसते. अनिवासींना प्रमाणित वजावट (उत्पन्नातून सरसकट वगळली जाणारी करमुक्त रक्कम) मिळत नाही, म्हणून कपात काढताना कंपनी त्यांच्या वेतनात एक ठरावीक रक्कम धरून हिशेब करते. भारतीय विद्यार्थ्यांना मात्र १९८९ च्या भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१(२) मुळे ही वजावट मिळते, म्हणून ती रक्कम त्यांच्या वेतनात धरायची नसते. ही तरतूद पगार विभागाला माहीत असेलच असे गृहीत धरू नये, आपणच ती लेखी कळवावी. राज्यांचे नियम वेगळे आहेत : टेक्सासमध्ये वेतनावर राज्याचा आयकरच नाही, तर कॅलिफोर्निया हा करकरार मानत नाही.

सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची चुकीची कपात वार्षिक विवरणपत्रातून परत मिळेल, या भरवशावर अनेक जण थांबतात. ती तशी मिळत नाही. आधी कंपनीकडे लेखी मागणी करावी, कारण ती स्वतः रक्कम परत करून डब्ल्यू-२ दुरुस्त करू शकते. कंपनीने नकार दिला, तरच फॉर्म ८४३ आणि त्यासोबत ८३१६ भरून आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे, दावा करावा. त्यासाठी मुदत साधारणपणे त्या वर्षानंतरच्या १५ एप्रिलपासून तीन वर्षांची असते.

विवरणपत्र भरतानाही सहकाऱ्यांचे पाहून नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून निवासींचा १०४० भरला जातो आणि हक्क नसलेली शैक्षणिक सवलत पदरात पडते. अनिवासींसाठी १०४०-एनआर आणि त्यासोबत ८८४३ हेच फॉर्म आहेत. चुकून १०४० भरला गेला असेल, तर नोटिशीची वाट न पाहता १०४०-एक्स भरून तो दुरुस्त करावा.

भाच्याच्या दाव्यासाठी डब्ल्यू-२, व्हिसाची प्रत, आय-९४ ही देशात प्रवेशाची नोंद, आय-२० हे विद्यापीठाचे प्रवेशपत्र, ओपीटीचे कार्ड आणि कंपनीने दिलेले लेखी उत्तर एवढी कागदपत्रे लागली. त्यांतले शेवटचे मिळवायलाच सर्वांत जास्त दिवस गेले.