भिंतीला फलक लावण्याआधी

जुन्या घरांसाठी माहितीफलक आणि मार्गदर्शन तयार करण्याच्या कामात येताय, म्हणजे लिहिता तुम्हांला येतंच. गोव्यात त्याआधी भिंत वाचावी लागते.

आपले वाडे चिऱ्यांचे, म्हणजे लाल जांभ्या दगडाचे, गिलावा चुन्याचा. चिरा पाणी पितो, चुना ते हळूहळू हवेत सोडतो. अशा भिंतीला ॲक्रिलिकचा फलक घट्ट चिकटवला की ओल मागे कोंडते, बुरशी धरते, क्षार फुलून पापुद्रे सुटतात. मे महिन्यात उद्घाटन, हार, फोटो. चवथीच्या सुमारास फलक काढायला जावं, तर गिलावाच त्याच्यासोबत हातात येतो. स्क्रू मारलात तर भोवती लाल भुकटी गळत राहते. मग कोणीतरी 'मजबुतीसाठी' तिथे सिमेंट भरतो, आणि ओल शेजारून वाट काढते. ज्या भिंतीवरचं जुनं सिमेंट गवंडी महिनोन्महिने खरवडतोय, तिच्यातच आपण नवं घालायचं? वारसास्थळांसाठी काम करणाऱ्या इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेची २००८ ची सनदही हेच सांगते: माहिती देण्याच्या साधनांनी वास्तूला इजा होता कामा नये. तेव्हा फलक जमिनीवरच्या स्टँडवर, भिंतीपासून चार बोटं दूर, वजन तळाला. भोक एकही नाही. शाई आणि कागदाचा नमुना एक पावसाळा त्याच खोलीत ठेवून बघा. मार्चअखेर निधी संपवायची घाई असते, ठाऊक आहे. तरी भांडा.

घाबरू मात्र नका. वाड्याच्या दुरुस्तीचं काम अर्धवट आहे म्हणून दारं बंद ठेवायची गरज नाही. सुरक्षित अंतरावरून ते काम दाखवा. चुना भिजतोय, सुतार काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडकीतला एकेक तुकडा लाकडी पट्ट्यांत सरकवतोय, हे बघायला लोक थांबतात. तो शिंपला आज वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहे, म्हणून जुना तुकडा जपूनच काढतात. एवढं सांगितलं तरी पोरं खिडकीला हात लावत नाहीत. क्यूआर कोडवर माझा विश्वास नाही. त्या जाड भिंतींत रेंज कुठली?

घरच्यांच्या गोष्टी ऐकाच. प्रत्येक वाड्यातून किल्ल्यापर्यंत भुयार असतंच! पणजीच्या पुराभिलेखात पोर्तुगीज आणि मोडी कागद आहेत, तिथे पडताळा. आधार नाही मिळाला, तर गोष्ट गाळू नका, 'घरची मंडळी सांगतात' म्हणून लिहा. आणि फक्त भाटकारांकडून, म्हणजे जमीनमालकांकडून ऐकून थांबू नका. राजांगणापर्यंत, म्हणजे आतल्या चौकापर्यंत कोण यायचं आणि कोण बाहेर सोप्यावरच थांबायचं, हे त्यांच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकारांच्या घरची म्हातारी जास्त नेमकं सांगते. मालकांना ते रुचेलच असं नाही. पहिल्या मसुद्यातच घाला, नंतर घुसवायला गेलात तर वाद वाढतो.

गुरू शोधताय? गाडीतून उतरून दोन खोल्या बघणाऱ्या सल्लागारापेक्षा चुन्याचं काम करणारा म्हातारा गवंडी धरा. तो प्रमाणपत्र देणार नाही, पण कुठली भिंत कधी पाझरते ते दाखवेल. आणि करारात पावसाळ्यानंतरच्या पाहणीचे, फलक बदलण्याचे पैसे वेगळे लिहून घ्या. तोंडी 'बघूया' म्हणणारे ऑक्टोबरात फोन उचलत नाहीत.