हाँगकाँग-चीन जकात वाटाघाटी : अभ्यास करताना या चुका टाळा

हाँगकाँगमध्ये ११ सप्टेंबर १८८६ रोजी अफूची तस्करी रोखून चीनची जकात वसूल व्हावी यासाठी झालेल्या अफू-कराराविषयी लिहिताना 'ब्रिटन विरुद्ध चीन' अशी मांडणी करणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. विदेशी बांधणीच्या जहाजांवरची जकात चीन सरकारच्याच, पण रॉबर्ट हार्ट या ब्रिटिश प्रमुखाच्या हाताखालील सागरी जकात खात्याकडे होती, तर चिनी गलबतांवरची वसुली कँटनचा 'होप्पो' हा अधिकारी आणि प्रांतिक लिकिन (मालाच्या अंतर्गत वाहतुकीवरील कर) नाकी करत. हाँगकाँगचे व्यापारी ज्या 'नाकेबंदी'विरुद्ध वर्षानुवर्षे तक्रार करत होते, ती या दुसऱ्या यंत्रणेची होती. हार्ट यांना ही वसुली आपल्या खात्याखाली आणायची होती, हे लक्षात घेतल्याखेरीज वाटाघाटींतील त्यांची चिकाटी समजत नाही.

दुसरी चूक म्हणजे सही झाली की करार लागू झाला, असे धरून चालणे. ब्रिटन आणि चीन यांच्यातील १८७६ च्या चेफू करारातील अफूविषयक कलम लंडनने नऊ वर्षे अडवून ठेवले, कारण माळव्याची अफू मुंबईमार्गे आणि बंगालची कलकत्त्याहून चीनला पाठवणाऱ्या भारत सरकारला आपल्या महसुलाची धास्ती होती. म्हणून केवळ हाँगकाँगचे कागद चाळून भागत नाही. अखेर १८८५ च्या जोडकलमाने शंभर कॅटीच्या (कॅटी हे चिनी वजन) पेटीमागे ३० टेल (टेल हे चांदीचे चिनी मूल्यमाप) जकात आणि ८० टेल लिकिन, असे ११० टेल एकत्र घेण्याचे ठरले.

दर ठरला, तरी खुल्या बंदरात माल मोजणार कोण, हा प्रश्न उरलाच होता, आणि माझ्या मते कराराचे खरे मर्म त्याच्या उत्तरात आहे. अफूचा सरकारी मक्ता घेतलेल्या मक्तेदाराखेरीज हाँगकाँगमध्ये कोणीही एका पेटीहून कमी कच्ची अफू बाळगू नये, आणि पेटी हलवायची तर बंदर-अधिकाऱ्याचा परवाना घ्यावा, असे ठरले. सुटे गोळे गलबतात सहज लपतात, अख्खी पेटी लपवणे अवघड.

पोर्तुगिजांच्या हाती असलेले शेजारचे मकाव बंदर विसरू नये. तेथेही तीच व्यवस्था लागू व्हावी, ही करारातली अट होती. ती पुरी करण्यासाठी चीनने १८८७ मध्ये मकाववरील पोर्तुगालचा कायमचा ताबा मान्य केला.

नकाशा मात्र १८९८ पूर्वीचाच वापरावा, कारण एप्रिल १८८७ मध्ये सुरू झालेल्या, हार्ट यांच्या खात्याखालील कौलून जकात खात्याची ठाणी तेव्हा चिनी हद्दीत होती. पुढे हाँगकाँगलगतचा न्यू टेरिटरीज हा चिनी प्रदेश भाडेपट्ट्याने १८९८ मध्ये ब्रिटिशांकडे गेल्यावर १८९९ मध्ये ती हलवावी लागली.